खर्जाच्या गळ्याला तारेचं माप

डॉन बाझिलिओ हा माणूस पेशाने संगीतशिक्षक, स्वभावाने कारस्थानी. रोसिनीच्या 'बार्बर ऑफ सेव्हिल' या ऑपेरात तो डॉक्टर बार्तोलोला सल्ला देतो: शत्रूला गावातून हाकलायचं असेल तर त्याच्याबद्दल कंडी पिकवा. मग ती कंडी कशी पसरते ते तो गाऊन दाखवतो. आधी झुळूक, कानात शिरणारी. व्हायोलिनवाले गज पार घोडीजवळ नेऊन वाजवतात, त्यामुळे सूर कमी आणि खरखर जास्त ऐकू येते. झुळकीची कुजबुज होते, कुजबुजीची गुणगुण, गुणगुणीचं वादळ, आणि शेवटी तोफ धडाडते. त्या तोफेच्या बाराला गायक आरियाच्या, म्हणजे या एकट्याने गायच्या गाण्याच्या, शिखरावर असतो.

रोसिनीने हे गाणं, 'ला कालुन्निया', डी मेजरमध्ये लिहिलं. तिथे शिखराचा सूर एफ शार्प आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक बास (पुरुषांतला सगळ्यात खालचा आवाज) गायक ते सी मेजरमध्ये, म्हणजे एक पूर्ण सूर खाली, गात आले आहेत. तिथे शिखर येतं ई वर. ऑपेराच्या रसिकांत यावर दोन तट आहेत. एका तटाला हे चालतं, त्यांना बहुधा ते कळतही नाही. दुसरा तट मात्र 'पट्टी उतरवली' हे शब्द असे उच्चारतो की जणू कुणाची भर सभेत पगडी उतरवली. लिहिलेला सूर गाता येत नसेल तर भूमिका घेऊ नये, पैसे देऊन आलेल्या श्रोत्याची ही फसवणूक आहे, असं त्यांचं म्हणणं. गवयाने आपली पट्टी आपण ठरवावी अशा संगीतात ज्याचे कान घडले, त्याला हा सगळा आरडाओरडा चमत्कारिक वाटेल. पण तो उडवून लावण्यासारखा नाही, आणि त्याचं उत्तर 'चालतं हो' इतकं सोपंही नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे: खालच्या आवाजांना आपण त्यांच्या वरच्या टोकाने मोजतो, आणि पट्टीचा हा सगळा वाद त्या चुकीच्या मापातून निघाला आहे.

ई आणि एफ शार्प यांत अंतर किती? कागदावर एक सूर. गळ्यात, ई ला स्वरतंतू सेकंदाला सुमारे 330 वेळा मिटतात, एफ शार्पला 370 वेळा. चाळीसचाच फरक. पण बास आवाजाचा जो सांधा असतो, ज्याला इटालियन गुरू 'पासाज्जो' म्हणतात, तो साधारण याच्या जरा खाली, मधल्या सी च्या वरच्या डी च्या आसपास येतो. तिथून पुढे बोलल्यासारखं उघडं गाता येत नाही. उघड्या आकाराला तोंडाच्या पोकळीचा पहिला अनुनाद सहाशे-सातशे हर्ट्‌झच्या घरात असतो. गायक ई गातो तेव्हा त्या सुराचा दुसरा उपस्वर 660 ला पडतो, म्हणजे अजून त्या अनुनादाच्या छत्राखाली. एफ शार्पला तो 740 वर जातो आणि छत्राबाहेर पडतो. आता गायकापुढे दोनच वाटा. तोंड आणखी फाकवून अनुनाद वर ढकलायचा, म्हणजे गाणं संपून आरोळी सुरू. किंवा आकाराला ओकाराकडे झुकवून सूर 'झाकायचा', गायकांच्या भाषेत कव्हर करायचा. चांगला बास झाकतोच, आणि झाकलेला एफ शार्प अतिशय देखणाही लागू शकतो. पण तो तोफेसारखा लागत नाही. भाल्यासारखा लागतो. टेनरच्या, म्हणजे उंच पुरुषी आवाजाच्या, गळ्याला भाला शोभतो. बाझिलिओला तोफ हवी.

म्हणून सी मेजरमधली 'ला कालुन्निया' ऐकताना मला कमीपणा वाटत नाही. बार अंगावर येतो तो वजनाने. डी मेजरमध्ये ऐकताना चकाकी जास्त वाटते, थरार जास्त वाटतो, आणि बऱ्याचदा 'लागला बुवा एकदाचा' असा सुटकेचा निःश्वासही. शिक्षणमंत्र्याच्या थाटात कंडी पिकवणाऱ्या त्या लबाड माणसाबद्दल प्रेक्षकाला काळजी वाटावी हे नाटकाच्या दृष्टीने काही बरं नाही.

पट्टी उतरवली की काम सोपं होतं, हा मात्र भ्रम आहे. घरच्या संगणकावर एखादं ध्वनिमुद्रण एक सूर खाली सरकवून पाहा. गायक एकदम राक्षस वाटायला लागतो, कारण यंत्र सुराबरोबर त्याच्या तोंडाची पोकळीही खाली सरकवतं. खऱ्या गायकाला ती सोय नाही. त्याचा गळा, टाळू, जबडा सगळं जिथल्या तिथे राहतं आणि फक्त सूर हलतात. त्यामुळे काल जो शब्द सांध्याच्या वर सुखाने बसला होता तो आज नेमका सांध्यावर येऊन बसतो. मूळ पट्टीत जिथे झाकायचं होतं तिथे आता उघडायचं की झाकायचं हे नव्याने ठरवावं लागतं. आणि वरचं टोक खाली आलं तसं खालचंही टोक खाली जातं. बिझेच्या 'कार्मेन'मधल्या एस्कामियोचं बुलफायटरचं गाणं हे याचं नमुनेदार दुखणं. ते मंद्रातल्या बी फ्लॅटपासून वरच्या एफपर्यंत पसरलेलं. बास म्हणतो वर फार आहे, बॅरिटोन, म्हणजे बास आणि टेनर यांच्या मधला आवाज, म्हणतो खाली फार आहे. उतरवावं तर खालचा बी फ्लॅट ए फ्लॅट होतो, आणि आधीच पुसट असलेली कडव्यांची सुरुवात वाद्यवृंदात विरघळते. ऑपेराच्या दुनियेतलं सगळ्यात लोकप्रिय गाणं गाणाऱ्यांमध्ये फारसं लोकप्रिय नाही, ते यामुळे.

आता दुसरी बाजू पाहू. खाली गेलेल्या सुरांवर आपण गायकाला धरतो, मग वर चढवलेल्या सुरांचं काय?

लेओन्काव्हालोच्या 'पाल्याच्ची'चा (1892) प्रस्तावनेचा आरिया बॅरिटोनचा मानबिंदू. त्यातला तो प्रसिद्ध ए फ्लॅट, ज्याच्यासाठी रसिक श्वास रोखून बसतात, आणि अगदी शेवटचा जी, हे दोन्ही लेओन्काव्हालोने लिहिलेले नाहीत. ते गायकांच्या पदरचे. व्हेर्दीच्या 'रिगोलेत्तो'त 'पारी स्यामो' या स्वगताच्या शेवटी विदूषक स्वतःला समजावतो की हा सगळा वेडेपणा आहे. तिथे व्हेर्दीने ई लिहिला आहे, गायक जी गातात. मनातली शंका झटकून टाकणारा माणूस ती अशी बोंब ठोकून झटकेल का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. उलट ती बोंब नसेल तर गॅलरीतून नाराजी उमटते. टेनरांचं उदाहरण तर इतिहासात नोंदलेलं आहे. 7 डिसेंबर 2000 ला मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाच्या हंगामाचा पडदा 'इल त्रोव्हातोरे'ने उघडला. वाद्यवृंद-संचालक रिकार्दो मुती यांनी संहितेबरहुकूम 'दी क्वेल्ला पीरा'मधला तो प्रसिद्ध वरचा सी गाळायला लावला, कारण तो व्हेर्दीने लिहिलेलाच नाही. साल्व्हातोरे लिचित्रा यांनी लिहिलं तसं गायलं आणि वरच्या मजल्यावरून निषेध झाला.

याचा अर्थ 'लिहिल्याप्रमाणे गा' हे तत्त्व नाहीच मुळी. तत्त्व आहे 'वर गा'. लिहिल्यापेक्षा वर गेलात तर अलंकार, लिहिल्यापेक्षा खाली गेलात तर लबाडी.

याच 'बार्बर'मध्ये रोसिनाचं प्रवेशगीत आहे. रोसिनीने ते ई मेजरमध्ये, खालच्या स्त्री-आवाजासाठी लिहिलं. पुढे उंच आवाजाच्या सोप्रानोंनी ती भूमिका आपलीशी केली, गाणं अर्धा सूर वर, एफ मेजरमध्ये नेलं, आणि त्यावर आणखी मजले चढवले. म्हणजे एकाच ऑपेरात, एकाच संध्याकाळी नायिका गाणं वर नेते आणि बास खाली आणतो. दोघंही रोसिनीची पट्टी मोडतात. बोटं कुणाकडे दाखवली जातात? शिवाय त्या व्यवहारात मेझो आणि कॉन्ट्राल्टो बायकांची एक हक्काची भूमिका कितीतरी वर्षं त्यांच्या हातून गेली होती, तिची हळहळ फार उशिरा वाटली. खालच्या आवाजाचं, मग तो पुरुषाचा असो की स्त्रीचा, नुकसान झालं तर ते नुकसान म्हणून मोजलं जात नाही.

रचनाकार स्वतः या बाबतीत किती सोवळे होते? फारसे नव्हते. ग्लुकच्या 'ऑर्फेओ'मधला विलाप 1762 साली व्हिएन्नात आल्टो कास्त्रातोसाठी, म्हणजे लहानपणी खच्ची करून आवाज फुटू न दिलेल्या गायकासाठी, सी मेजरमध्ये होता. 1774 ला पॅरिसमध्ये उंच टेनरसाठी ग्लुकनेच तो एफ मेजरमध्ये नेला. 1859 साली बेर्लियोझने पोलिन व्हियार्दो या खालच्या आवाजाच्या गायिकेसाठी पुन्हा सी मेजरमध्ये आणला. गाण्याला काही झालं नाही. बेल्लिनीच्या 'नॉर्मा'मधली 'कास्ता दिव्हा' हस्तलिखितात जी मेजरमध्ये आहे आणि आपण सगळे तिला ओळखतो ती एफ मेजरमध्ये. व्हेर्दी मात्र कडक. 1847 मध्ये त्याने प्रकाशक रिकोर्दीला लिहून अट घातली की नाट्यगृहांनी संहितेत काही घुसडायचं नाही, काही कापायचं नाही, पट्टी वर-खाली करायची नाही, केल्यास हजार फ्रँक दंड. हा दाखला शुद्धतावादी नेहमी देतात आणि तो खराच आहे. फक्त त्याच व्हेर्दीने 'ला त्राव्हियाता' 1853 मध्ये आपटल्यावर 1854 साली पुन्हा रंगमंचावर आणताना पाच तुकडे बदलले, त्यात जर्मोंचं व्हायोलेताबरोबरचं युगुलगीतही होतं. मालक स्वतःच्या घराची भिंत पाडतो, भाडेकरूला खिळा ठोकू देत नाही. ते समजण्यासारखं आहे. पण मग भिंत पवित्र होती असं म्हणता येत नाही.

आणि एक लक्षात ठेवावं. जिथे पट्टी बदलत नसत तिथे गाणंच बदलत. 'बार्बर'च्या पहिल्याच वर्षी, 1816 मध्ये, फ्लॉरेन्सच्या बार्तोलोला रोसिनीचा भरधाव आरिया झेपेना, म्हणून पिएत्रो रोमानी नावाच्या संगीतकाराने त्याला दुसरा सोपा आरिया लिहून दिला. तो उपरा आरिया पुढे कितीतरी नाट्यगृहांत रोसिनीच्या जागी ठाण मांडून बसला. त्याच्यापुढे पट्टी एक सूर उतरवणं म्हणजे अगदीच सभ्य तडजोड.

तरी शुद्धतावाद्यांचा एक मुद्दा मला पुरता मान्य आहे. पट्टी ही नुसती उंची नसते, ती शेजार असते. 'दी एन्टफ्युरुंग' या आपल्या ऑपेरातल्या ऑस्मिन या बास पात्राच्या संतापाच्या आरियाबद्दल मोझार्टने 26 सप्टेंबर 1781 च्या पत्रात वडिलांना जे लिहिलं ते वाचण्यासारखं आहे. आरिया एफ मेजरमध्ये चालतो. रागाने ऑस्मिनचं भान सुटतं तेव्हा संगीताचंही भान सुटल्यासारखं वाटलं पाहिजे, पण कानाला त्रास होता कामा नये. म्हणून मोझार्ट परक्या पट्टीत न जाता जवळच्या, पण अगदी लगतच्या नव्हे अशा ए मायनरमध्ये जातो. अख्खा आरिया उचलून खाली ठेवला तर हे आतलं नातं टिकतं. बाहेरचं मात्र तुटतं, आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांशी. सुट्या सुट्या गाण्यांच्या ऑपेरात, मधल्या संवादाला फक्त हार्प्सिकॉर्डची साथ असेल तर, वादक दोन स्वरमेळ फिरवून सांधा बुजवतो. वाद्यवृंदाची साथ असलेला संवाद असेल तर काम अवघड. आणि वॅग्नरसारखं अखंड वाहणारं संगीत असेल तर विषयच संपला, त्याच्या व्होटान या देवासाठी नदी एक सूर खाली कोण नेणार?

वाद्यांचाही रंग बदलतो. डी मेजरमध्ये व्हायोलिनच्या डी आणि ए या मोकळ्या तारा आपोआप घुमतात, त्या काळच्या ट्रम्पेटला डी ही हक्काची पट्टी. सी मेजरमध्ये तो लखलखाट उणावतो, पण व्हायोला आणि चेलोची सगळ्यात खालची मोकळी तार सी ची असल्याने तळ भरतो. काही जातं, काही येतं. नुकसान नाहीच असं मी म्हणणार नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप तिसराच. आरिया उतरवता येतो, समूहगीत उतरवता येत नाही. पहिल्या अंकाच्या शेवटी सहा-सात जण एकत्र गात असताना बासच्या सोयीसाठी सगळ्यांना खाली कोण आणणार? म्हणजे ज्याला आरिया उतरवावा लागतो त्याला बाकीची भूमिका मूळ पट्टीतच गायची आहे. ती त्याला जमत असेल तर आरियापुरती पट्टी उतरवणं ही चव आहे, निवड आहे. जमत नसेल तर ते व्यंग झाकणं आहे, आणि तिथे दोष गायकाइतकाच त्याला ती भूमिका देणाऱ्या नाट्यगृहाचा. या दोन गोष्टी श्रोत्याने वेगळ्या ओळखायला हव्यात. रागवायचं तर दुसऱ्या गोष्टीवर रागवावं.

राहिला 'मूळ पट्टी' हा शब्द. मूळ म्हणजे नक्की कुठली? मोझार्टच्या मृत्यूनंतर युरोपातल्या नाट्यगृहांत वाद्यं चढत गेली, कारण चढलेलं वाद्य अधिक तेज वाटतं. शेवटी 1858 मध्ये फ्रान्स सरकारने समिती नेमली, तिच्यात रोसिनी, बेर्लियोझ, मेयेरबीअर सगळे होते, आणि 1859 मध्ये मधला ए 435 कंपनांवर बांधला. 1939 ला लंडनच्या परिषदेत तो 440 झाला. व्हिएन्ना फिलहार्मोनिक आजही 443 ला लावतात. मोझार्टच्या ओळखीचा पियानो बनवणारा श्टाइन, त्याचा ट्यूनिंग फोर्क सुमारे 421 चा होता. 421 आणि 440 यांच्यात जवळजवळ पाऊण अर्धस्वराचं अंतर पडतं. म्हणजे कागदावर डी मेजर लिहिलेलं मोझार्टचं गाणं आज डी मेजरमध्येच गायलं तरी ते ई फ्लॅटच्या दिशेने बरंच पुढे सरकलेलं असतं. सगळ्या जगाने मिळून पट्टी चढवली तेव्हा कुणाला फसवणूक वाटली नाही. एका बासने ती उतरवली की वाटते.

आणि हेच रसिक लीडच्या, म्हणजे पियानोच्या साथीने गायच्या जर्मन गीतांच्या, मैफलीत किती उदार असतात! शुबर्टची गाणी पेटर्स प्रकाशनाने उंच, मध्यम आणि खालच्या आवाजासाठी वेगवेगळ्या पट्ट्यांत कधीपासून छापली आहेत. त्याची 'विंटररायझे' ही गीतमाला (1827) मुळात वरच्या आवाजाच्या आवाक्यात लिहिलेली, पण हान्स हॉटरसारख्या बास-बॅरिटोनने ती उतरवून गायली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. उतरवल्यामुळे त्यातला तो एकटा प्रवासी अधिक थकलेला, अधिक म्हातारा वाटतो, असं कौतुकाने म्हटलं जातं. तोच गायक दुसऱ्या संध्याकाळी ऑपेरात तेच करतो तेव्हा मात्र मोजपट्टी बाहेर निघते.

मग नियम काही असावा की नाही? मला दोनच गोष्टी हव्याशा वाटतात. पहिली, आरिया कुठल्या पट्टीत गायला जाणार हे कार्यक्रमपत्रिकेत एका ओळीत छापावं. लपवलं की लबाडी वाटते, छापलं की माहिती होते. दुसरी थोडी कडू आहे. काही बास 'ला कालुन्निया' सी मेजरमध्ये उतरवतात, आणि शेवटी टाळ्यांसाठी न लिहिलेला वरचा एफ, क्वचित जी सुद्धा जोडतात. एकीकडून सवलत घ्यायची, दुसरीकडून इनाम वसूल करायचं. उतरवण्याची सोय वजनासाठी घेतली असेल तर ते वजन शेवटपर्यंत राखावं. ते राखायचं नसेल तर डी मेजर तिथेच आहे. शुद्धतावाद्यांनी ज्याला खुशाल लबाडी म्हणावं ती ही. नेमक्या हिलाच ते टाळ्या देतात.

स्पर्धांचे परीक्षक या बाबतीत फार मोठं नुकसान करतात असं मला वाटतं. बावीस-तेवीस वर्षांच्या बासने वरचा एफ शार्प दाखवला की गुण. हा आवाज पिकायला तिशी-पस्तिशी उजाडते, हे गुरूला ठाऊक असतं, परीक्षकालाही असतं. तरी पोरगं वर चढवायला शिकतं, वजन हलकं करतं, आणि काही वर्षांत ना धड बास ना धड बॅरिटोन असा एक गळा तयार होतो. वरचे सूर असणं आणि तो आवाज असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. प्लासिदो दोमिंगो यांनी 2009 मध्ये बर्लिनला सिमोन बोक्कानेग्रा ही बॅरिटोनची भूमिका गायला सुरुवात केली तेव्हा टेनरच्या गळ्याला त्यातले वरचे सूर म्हणजे हातचा मळ होता. कमी पडला तो बॅरिटोनचा काळोख. तो कुठल्याच मोजपट्टीवर दिसत नाही.

खालच्या टोकाकडे तर कुणी पाहतच नाही. मोझार्टच्या 'जादूची बासरी'त बास आवाजाचा साराश्ट्रो प्रार्थना करताना खालच्या एफवर उतरतो, सुमारे 87 कंपनं. वरचा सूर फाटला तर सभागृहाच्या शेवटच्या रांगेला कळतं. हा खालचा एफ नुसता श्वासासारखा आला, किंवा आलाच नाही, तर वाद्यवृंद तो पांघरुणाखाली घेतो आणि सगळं सुरळीत चालतं. निषेध नाही, कुजबुज नाही. खरा खालचा एफ ज्याच्याकडे आहे अशा गायकाचा तो सूर खुर्चीच्या पाठीतून पाठीला कळतो, आणि त्यावर टाळी पडत नाही, कारण गाणं तिथे थांबत नाही.

मोझार्टच्या काळातल्या लुडविग फिशर या बासकडे तसे सूर होते. ऑस्मिन त्याच्याच गळ्यावर बेतला. विजयाच्या आरियात मोझार्टने त्याला पार खालच्या डी पर्यंत, सुमारे 73 कंपनांपर्यंत नेऊन तिथे उभं केलं. ऑस्मिनबद्दलच्या त्याच पत्रात मोझार्ट वडिलांना सांगतो की आर्चबिशप साहेबांनी या फिशरबद्दल तक्रार केली होती: बासच्या मानाने हा फार खाली गातो. मोझार्टने त्यांना आश्वासन दिलं, पुढच्या वेळी तो वर गाईल.